फवारणाऱ्याचे नाव

हिंगणघाटच्या बसस्थानकाच्या बाजूला असलेल्या एका लहानशा सलूनमध्ये, गालाला साबणाचा फेस फासलेल्या अवस्थेत, लहानू झाडे याला समोरच्या आरशात एक परकी स्त्री दिसली आणि ती त्याला आवडली. घडले ते एवढेच. डोक्याला कानाच्या पाळीपर्यंत ओढलेले पांढरे सुती फडके, ओंजळीत कापूस, मान किंचित कलती, आणि ओठांवर असे हसू, की कोणीतरी आत्ताच तिला काही गमतीचे सांगितले असावे आणि तो सांगणारा अजून तिच्यापुढे उभा असावा. परस्त्रीकडे निरखून पाहण्याची खोड लहानूने सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःला लावून घेतली नव्हती. परंतु वस्तरा मानेवर असताना माणसाला नजर वळवता येत नाही, ही सबब त्याला या वेळी सोयीची वाटली, आणि तो पाहत राहिला. ज्याच्या घरी ही असेल त्याचे दिवस बरे जात असतील, असा एक विचार त्याच्या मनाच्या कडेने निघून गेला. मग त्याला तिच्या उजव्या भुवईतील बारीक व्रण दिसला. तसला व्रण त्याच्या ओळखीचा होता, फक्त तो डाव्या भुवईत होता. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात कपाशीच्या पऱ्हाटीची वाळकी काडी लागून झालेला. आरसा डाव्याचे उजवे करतो, हे उमगायला त्याला अर्धा क्षण लागला. पाठीमागच्या भिंतीवर नव्या वर्षाचे कॅलेंडर टांगलेले होते आणि त्यावरची स्त्री मंजुषा होती. त्याचीच बायको.

"हालू नका ना भाऊ, लागन," न्हावी म्हणाला. मग गिऱ्हाइकाची नजर कुठे आहे हे पाहून तो मनमोकळा हसला. "कंपनीचं हाय. यंदा भल्लं मस्त काहाडलं. नाईतं दरसाली निस्त्या मशिनीच मशिनी. बाई पाहा ना, कशी हासून राह्यली! वडनेरची हाय मनतेत. तुमी बी तिकडचेच ना? वळखता का?"

"नाई," लहानू म्हणाला.

हे ‘नाई’ आपण का म्हटले, याचा शोध तो पुढे दिवसभर घेत होता. गिरणीच्या फाटकावर कार्ड दाखवताना, सांडपाण्याच्या केंद्राकडे जाणाऱ्या निलगिरीच्या रस्त्याने चालताना, पहिल्या टाकीवरच्या लोखंडी जिन्याला हात लावताना तो एकच शब्द चघळीत होता. त्या भागात ‘कंपनी’ म्हटले की दुसरी कोणती हे विचारावे लागत नाही. सरकीपासून रंगीत सुतापर्यंत सर्व काही तिच्या कुंपणात होते, आणि त्या सर्वांच्या शेवटी, जिथे धुणे, रंगवणे, पिळणे झालेले पाणी येऊन पडे, तिथे लहानू अठरा वर्षे उभा होता. या केंद्राला सगळे ईटीपी म्हणत. लहानूही म्हणे, पण मनात तो त्याला ‘माझे पाणी’ म्हणत असे. तो नोकरीला लागला तेव्हा हे पाणी नाल्यात जाई, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला गुरे चारणारे लोक, आज गिरणीत कोणता रंग चालू आहे, हे पाण्यावरून सांगत. वरचे साहेब त्या काळात दानशूर होते. ते शाळेला दप्तरे देत, गणपतीला मंडप देत, उन्हाळ्यात पाणपोई घालीत. आणि रजिस्टरात आकडे कसे लिहायचे ते लहानूला तोंडी सांगत. लहानू लिहीत असे. त्याचे अक्षर सुंदर होते. दहावीत इंग्रजीने दगा दिला तरी अक्षर कोणी काढून घेतले नव्हते.

मग परदेशी गिऱ्हाइकांनी विचारणा सुरू केली आणि कंपनीचे मन बदलले, की तिला मन आहे हे प्रथम तिच्याच ध्यानात आले, कोण जाणे. दप्तरे आणि मंडप बंद झाले. त्यांच्या जागी जे आले ते दान नव्हते; ते धंद्याच्या आतच विणलेले होते, ताण्यात बाणा जावा तसे. खरेदी अधिकाऱ्याची बढती आता नुसत्या स्वस्त कापसावर अवलंबून नव्हती, तर तो कापूस किती पाणी आणि किती विष पिऊन आला यावरही होती. सकाळची बैठक उत्पादनाच्या नव्हे, तर पाण्याच्या आकड्याने सुरू होई. प्रत्येक गाठीवर गावाचे नाव आणि शेताचा क्रमांक चिकटे. कॅन्टीनमध्ये सर्वांनी उजवा हात पुढे करून प्रतिज्ञा घेतली, आणि कामगारांच्या घरच्या शेतीतही वर्ज्य औषध वापरले जाणार नाही, अशा कागदावर सह्या केल्या. लहानूने केलेली सही त्या पानावर सर्वांत देखणी होती. त्याला वाटले, आपला काळ आला. खरे आकडे लिहायचे आहेत, आणि खरे लिहिण्याची भूक आपल्याइतकी कोणाला असणार? परंतु सहा महिन्यांतच टाकीवर एक पांढरी पेटी बसली. ती दर पंधरा मिनिटांनी पाणी चाखून आपला आकडा थेट वर पाठवू लागली. पाहुणे येत, शेवटच्या तळ्यातले मासे पाहत, अभियंत्याशी हात मिळवीत, पेटीचे छायाचित्र घेत. लहानू बाजूला सरे, कारण तो चौकटीत येत होता.

त्याच वर्षी वडनेरला शेतकऱ्यांचा गट निघाला. जो प्रत्यक्ष शेत पाहतो त्यानेच गटात बसायचे, असा नियम होता. "तूच बस," लहानू मंजुषेला म्हणाला होता, "मले ड्युटी हाय." हे वाक्य त्याने स्वतः, कोणी न सांगता, चहा पिता पिता उच्चारले होते; आणि गेल्या चार वर्षांत ते त्याला इतक्या वेळा आठवले होते, की त्या चहात साखर कमी होती हेही त्याला स्मरत असे. सातवी शिकलेली मंजुषा पहिल्या दिवशी एक निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आली. पेरणी, खत, निंदण, फवारणी, काय मारले, किती मारले, कोणी मारले, रकान्यामागून रकाने. ती भेदरली होती. "आवो, हे मले जमन का?" रजिस्टर हा तर लहानूचा प्रांत. त्याने तिला शेजारी बसवून तारीख कुठे, एकक कुठे, खाडाखोड झाली तर सही कशी, हे सर्व शिकवले. तिच्या वाकड्या अक्षराला हसला. ‘फवारणी’ हा शब्द तिच्याकडून पाच वेळा लिहवून घेतला. त्या संध्याकाळी त्यांच्या सुखाला काही सीमा नव्हती, असे त्याला आता वाटे. मग ती वही त्याच्यापुढे येणे थांबले. कधी थांबले? भांडण झाले नव्हते. कोणी काही बोलले नव्हते. एका आठवड्यात तिने विचारले नाही, दुसऱ्या आठवड्यात त्याने वाट पाहिली, तिसऱ्या आठवड्यात त्याने वाट पाहत नसल्याचे दाखवले, आणि त्यानंतर ते दाखवणेच राहिले. वही फळीवर असे. हात लांबवला असता तर मिळाली असती. अठरा वर्षे रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाने आपल्या बायकोची वही उघडून पाहिली नाही, याला गर्व म्हणावा की भीती, हे त्याला ठरवता आले नाही.

मंजुषा मात्र बदलली. जेवताना तिच्या गोष्टींमध्ये किडे आले. ढालकिडा पिकावरची मावा कीड खातो, म्हणून तो आपला; ही माशी दिसली तर हात आवरायचा; बोंडअळीच्या पतंगांसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात आठ पतंग आले म्हणजे काय समजायचे. ती त्यांच्याविषयी माहेरच्या माणसांविषयी बोलावे तशी बोले. लोक तिला बोलवायला येऊ लागले. पिपरी मेघेत राहणारा, कृषीची पदवी घेतलेला धम्मदीप नगराळे हा कंपनीचा पोरगा मोटारसायकल अंगणात लावून आधी ‘ताई’ अशी हाक मारी आणि मग, लहानू दिसला तर, ‘काका’. धम्मदीप वागायला अत्यंत सभ्य होता. त्याच्यात दोष काढता येत नव्हता, आणि याचाच लहानूला अधिक त्रास होई. एकदा तो मंजुषेला काही विचारीत असताना लहानूने मध्येच उत्तर दिले. धम्मदीपने ते आदराने ऐकले, मान डोलावली, आणि मग मंजुषेकडे वळून, "बरोबर हाय का ताई?" असे विचारले.

आणि सप्टेंबरात ती तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला वर्ध्याला गेली. दुसऱ्या दिवशी लहानूने फोन केला. मागे पुष्कळ बायका हसत होत्या. "पतंग लय येऊन राह्यले सापळ्यात," तो म्हणाला. त्याचे मोजणे खरे होते. "येऊ द्या. म्या आल्यावर पाह्यते. तुमी कशाले हात लावजा नोका. ठेवते आता, क्लास हाय." क्लास हाय! तिसऱ्या दिवशी त्याने साप्ताहिक सुट्टी घेतली, हिंगणघाटच्या कृषी केंद्रातून लाल त्रिकोणाची, म्हणजे वर्ज्य यादीतल्या जहाल विषाची, बाटली आणली आणि पाठीला पंप बांधून नाल्याकाठच्या दोन एकरांत उतरला. बोंडअळीच्या काळजीने, असे तो स्वतःला बजावीत होता. परंतु दांडा खालीवर करताना पाठीवर जो गार ओलावा झिरपत होता, आणि नाकात जो गोडसर, कुजलेल्या फळासारखा वास भरत होता, त्यात काळजी नव्हती. एक हिरवट आनंद होता. पानांवरून तांबडे ठिपकेदार ढालकिडे टपटप खाली पडत होते, आणि तिचे माहेरचे लोक अंगणात यावेत आणि आपण त्यांना पाणीही विचारू नये, तसे त्याला वाटत होते. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. रिकामी बाटली त्याने फेकून दिली नाही. शिस्तीचा माणूस तो, कपड्यात गुंडाळून गिरणीत नेली आणि धोकादायक कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात नियमाप्रमाणे टाकली. कचऱ्याच्या रजिस्टरात मात्र तिची नोंद केली नाही. नव्या कारभारात त्याने न लिहिलेली ती पहिली गोष्ट.

मंजुषा परतली. शेतात गेली. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, भाकरी केल्या. काही बोलली नाही. तिला कळले नाही, असे त्याने ठरवले. आणि हे ठरवणे हळूहळू त्याच्या आत एका गोड गाठीसारखे घट्ट झाले. तिला टाळ्या मिळत तेव्हा, ती माईकसमोर बोले तेव्हा, तो मागच्या रांगेत उभा राहून ती गाठ चाचपून पाही. तू किती शहाणी हे मला ठाऊक आहे. आणि तुझ्या वहीत काय नाही, हेही फक्त मला ठाऊक आहे.

टाकीवरच्या कोठडीतही तेच कॅलेंडर आले होते. इथे ती सरळ होती, व्रण डाव्या भुवईत. खाली छापले होते: ‘माझ्या वहीत जे आहे तेच माझ्या शेतात आहे. — मंजुषा झाडे, वडनेर.’ लहानूने ते तीनदा वाचले. पाळीचा सोबती मुकेश डबा उघडता उघडता म्हणाला, "लहानूभाऊ, आता वहिनीले साहेबाच्या बिल्डिंगीत खुर्ची भेटन मनतेत. गेलो आपन! काही सांगाचं असलं त् चिठ्ठी देऊन भेटा लागन तुमाले घरवालीले."

"उद्याची वहीची तपासनी पार पडली त् भेटन," लहानू म्हणाला.

"पडनच ना. तिच्यात काय हाय?"

त्या बिल्डिंगीत लहानू अठरा वर्षांत चार वेळा गेला होता आणि चारही वेळा उभा राहिला होता.

घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होते. कॅलेंडर त्यांच्याही घरी आलेले असणार, हे त्याला ठाऊक होते. पण भिंतीवर मागच्या वर्षीचेच होते. नव्याची गुंडाळी दारामागे उभी होती.

"लावलं काऊन नाई?"

"तुमच्या मनात काय येईन, मालूम नोयतं," मंजुषा सरकी कोंड्यात कालवीत म्हणाली.

"माह्या मनात काय येते? गावभर लागलं. हजामाच्या दुकानात लागलं." तो थांबला. मग जे विचारायचे नव्हते तेच बाहेर आले. "कोनाकडे पाहून हासत होती वं?"

"कधी?"

"फोटोत."

मंजुषेने हात थांबवले. "फोटोवाला व्हता ना मुंबईचा, तो वाकून वाकून मांगं चालला अन् वावराच्या धुऱ्यावर बुडावर पडला. मंग येईन नाई का हासू? तुमी असते त् तुमी बी हासले असते."

"मी नोयतो."

"तुमाले बलावलं होतं. ड्युटी हाय मने तुमी."

हे खरे होते, आणि खरे असल्यामुळे लहानूला अंगाला खाज सुटल्यासारखे झाले. पडलेल्या माणसाकडे पाहून कोणी असे हसते काय? असे हसू त्याच्या वाट्याला कधी आले होते? आले असेल, पण तेव्हा ते मोठे करून छापून दाखवायला कोणी नव्हते, आणि जवळून त्याला ते इतकेसे दिसले होते, भाकरीच्या धुराआड.

तेवढ्यात धम्मदीपची मोटारसायकल आली. तो बसला नाही, ओसरीच्या खांबाला टेकून बोलला. "ताई, तपासनीच्या मॅडम सकाळी धा वाजता येतीन. सोलापूरच्या हायेत, लय कडक. घरातल्या एकाएकाले येगळं बसवून इचारतेत. वहीतली येक बी नोंद खोटी निंगाली त् तुमचं समन्वयकाच्या नोकरीचं पत्र त् थांबनच, पन गटातल्या छत्तीस जनायचं प्रमाणपत्र बी जाईन." मग तो लहानूकडे वळला. "काका, तुमाले बी इचारतीन. जे हाय ते सांगजा." आणि त्याची नजर नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ तिथे राहिली, असे लहानूला वाटले.

जे हाय ते सांगजा. रात्रभर हे वाक्य त्याच्या उशाशी बसले होते. सांगितले तर काय होईल, हे त्याने टाकीतले पाणी पाहावे तसे थराथराने पाहिले. बाई लिहून घेतील. वही खोटी ठरेल, कारण वहीत ते नसणार. पत्र थांबेल. कॅलेंडरवरची मंजुषा वर्षभर हसतच राहील, पण प्रत्येक भिंतीवर खोटी. आणि घरी, फळीखाली, भाकरीच्या धुराआड, एक साधी बाई राहील, जी विचारील, ‘आवो, हे मले जमन का?’ छत्तीस जणांचे त्याला वाईट वाटले. पण ते वाईट वाटणे त्या चित्राच्या कडेला होते, मध्यभागी नव्हते. आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही, की या दुष्टपणासाठी त्याला खोटे बोलण्याची गरज नव्हती. आयुष्यभर ज्या सत्यासाठी तो आसुसला होता तेच फक्त उच्चारायचे होते. कॅन्टीनमधल्या प्रतिज्ञेपायी त्याच्या स्वतःच्या नोकरीवर ठपका येईल, हेही त्याने पाहिले. त्या किमतीने त्याचा बेत त्याला अधिकच पवित्र वाटू लागला. हेव्याला सत्याचे वस्त्र किती नीट बसते, हे त्याला त्या रात्री कळले, आणि ते वस्त्र अंगावर ओढून तो झोपी गेला.

बाई पन्नाशीच्या होत्या, चष्म्याला दोरी बांधलेली, पायांत कापडी बूट. त्यांनी सकाळभर धम्मदीपबरोबर शेत पाहिले, पाने उलटून पाहिली, मागच्या खोलीतला कापूस पाहिला. मग मंजुषेशी तासभर बोलल्या. लहानू कडुनिंबाखाली बसून होता. आतून शब्द येत नव्हते, फक्त मंजुषेचा आवाज चढउतार न होता वाहत होता. ती बाहेर आली, त्याच्याकडे न पाहता गोठ्याकडे गेली, आणि बाईंनी त्याला हाक मारली.

तो ओसरीवर, खुर्चीच्या अगदी कडेला बसला. वाक्य तयार होते. ‘मॅडम, एक खरं सांगाचं हाय.’ त्याने ते जिभेवर ठेवले.

"झाडे, तुम्ही कंपनीतच आहात ना? मग नोंदी म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायला नको," असे म्हणत बाईंनी निळी वही उघडून त्याच्यापुढे फिरवली. "हे पान बघा."

ते वाकडे अक्षर. ‘फवारणी’ मात्र अचूक, जसे त्याने पाच वेळा लिहवून घेतले होते. ‘सप्टेंबर १४. नाल्याकाठचे दोन एकर. मी प्रशिक्षणाला होते. लाल त्रिकोणाचे औषध फवारणी झाली. ढालकिडे मेले. या दोन एकरांचा कापूस गटात देणार नाही, वेगळा ठेवीन.’ त्याखाली धम्मदीपची सही, पुढच्याच दिवसाची. लहानूने ओळी पुन्हा वाचल्या. मागच्या खोलीत कापसाचे दोन ढीग होते. जागा पुरत नाही म्हणून दोन, असे तो वेचणी सुरू झाल्यापासून समजत आला होता.

"त्यांनी परत आल्याबरोबर स्वतःहून कळवलं," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या शेतातली चूक स्वतः कळवणारी शेतकरी मला वर्षाला एखादीच भेटते. कंपनीने कॅलेंडरवर त्यांना उगाच नाही घेतलं. पण एक अडचण आहे." त्यांनी बोट ठेवले. ‘फवारणाऱ्याचे नाव’ या रकान्यात काही नव्हते. "मी विचारलं तर त्या गप्प. तो नगराळे म्हणतो, ‘मॅडम, ताई स्टेजवर दोन तास बोलतीन, पन घरधन्याचं नाव लिवाले लाजतेत.’ इकडे अजून नाव घेत नाहीत का बायका? असो. पण नाव आणि सही नसली तर ही नोंद मला सिद्ध धरता येत नाही. आणि सिद्ध न झालेली नोंद म्हणजे माझ्या लेखी खोटी नोंद. मग पुढचं सगळं अडतं. म्हणून तुम्हाला विचारते. औषध कोणी मारलं?"

लहानूच्या जिभेवरचे वाक्य निरुपयोगी झाले होते. जे सांगून तो तिला पाडणार होता ते सांगितले तर आता ती उभी राहणार होती. आणि तिला पाडायचे असेल तर एक लहानसे खोटे पुरेसे होते. ‘कोनी नाई मारलं. तिले काही तरी भास झाला.’ झाले. इतके सोपे. गाठ, जी तो चार महिने चाचपीत होता, ती कधीच त्याच्याकडे नव्हती. ती फळीवर उघडी पडली होती, आणि धम्मदीपला ठाऊक होते, कंपनीला ठाऊक होते, या सोलापूरच्या बाईला ठाऊक होते. मागच्या रांगेत उभा राहून तो जेव्हा मनातल्या मनात हसत होता, तेव्हा स्टेजवरून ती त्याला पाहत होती. तिने भांडायलासुद्धा त्याला योग्य मानले नव्हते! त्याच्या कानशिलांत ऊन भरले. गोठ्यात बादली वाजली. बाई पेन धरून थांबल्या होत्या, आणि त्यांच्या थांबण्यात कसलीही घाई नव्हती.

"आमच्याकडे फवारनीले," लहानू म्हणाला आणि त्याला आपला आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला, "बाबाराव येत असते."

"बाबाराव म्हणजे?"

"मजूर हाय. गावात सगळ्यायची फवारनी तोच करते."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. बाबाराव साठीचा होता. कंपनीने दिलेले हातमोजे आणि चष्मा तो सणाला घालायच्या कपड्यांसारखे जपून घाली, आणि वर्ज्य औषध मारल्याचे सिद्ध झाले तर फवारणी करणाऱ्यांच्या यादीतून तो कायमचा जाणार होता. बाईंनी पेन कागदाला टेकवले. "म्हणजे त्या दिवशी बाबारावांनी मारलं, असं लिहू?" पेनाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका उमटला, ‘ब’ च्या आरंभाइतका. लहानू त्या ठिपक्याकडे पाहत राहिला. पूर्वीचे साहेब जेव्हा सांगत, ‘झाडे, सात पूर्णांक दोन लिहा,’ तेव्हा त्याचा हात जसा आपोआप चाले, तसा हा दुसऱ्याचा हात त्याच्या शब्दावर आता चालणार होता. आणि त्या काळात नाल्याच्या खालच्या अंगाला जी गुरे ते पाणी पीत त्यांत बाबारावची गुरे होती.

"नाई," तो म्हणाला. "म्या मारलं. बाटली म्या आनली, पंप म्या बांधला. बाबाराव नोयता."

"तुम्ही कामगारांची प्रतिज्ञा केली आहे. मला हे वेगळं कळवावं लागेल."

"कळवा."

बाईंनी वही आणि पेन त्याच्याकडे सरकवले. त्याने नाव लिहिले, लहानू देवाजी झाडे, आणि शेजारी सही केली. त्या वाकड्या ओळींच्या मध्ये त्याचे अक्षर फारच देखणे दिसले, आणि प्रथमच त्याला त्याची लाज वाटली.

बाई गेल्या. धम्मदीप जाताना "येतो काका, येतो ताई" म्हणाला, आणि या वेळी ‘काका’ आधी आले. मंजुषेने ताटे वाढली. ती जिंकली होती. दोन आठवड्यांत तिचे पत्र येणार होते, आणि त्याच सुमारास त्याच्या नावानेही एक पत्र येणार होते, वेगळ्या कचेरीतून. तिच्या चेहऱ्यावर विजयाचे काहीच नव्हते. ते असते तर लहानूला सोयीचे झाले असते. तो बराच वेळ भाकरी मोडीत राहिला.

"तुले मालूम होतं," तो शेवटी म्हणाला.

"शेतात पाय ठेवल्याबराबर."

"मंग मले काऊन नाई इचारलं?"

मंजुषेने वरण वाढले, पळी भांड्यात ठेवली, आणि उन्हापावसाविषयी बोलावे तशा आवाजात म्हणाली, "इचारलं असतं त् तुमी बाबारावचं नाव सांगतलं असतं."

लहानूने मान वर केली. बाई विचारीत होत्या तेव्हा ती गोठ्यात होती. ओसरीवरचे बोलणे तिथवर पोचत नाही. ताटाकडे हात करून ती म्हणाली, "खाऊन घ्या. थंडं होऊन राह्यलं," आणि लहानूने घास उचलला.